लग्न तुळ की वृश्चिक: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सोबत टाकलेले पत्रिकेचे फोटोही मोठे करून नीट पाहिले. तुमचं म्हणणं असं की आजोबांच्या (जन्म नोव्हेंबर 1937, गिरगाव) हस्तलिखित पत्रिकेत लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, वृश्चिक आहे आणि आमचं पत्रिका करणारं सॉफ्टवेअर तुळ दाखवतं. म्हणजे आमचं गणित चुकीचं आणि 'नासाचा डेटा' ही नुसती जाहिरात. अयनांश चुकीचा असावा, असंही तुमच्या ओळखीच्या ज्योतिषांनी सांगितलंय. तुमच्यासारखे जुने कागद सांभाळून ठेवणारे अनेकजण हे वाचतील, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

आधी अयनांशाचं बघू. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची, ते ठरवणारा कोन म्हणजे अयनांश. अयनांश बदलला की सगळे ग्रह आणि लग्न एकाच दिशेने, सारख्याच अंशांनी सरकतात. फोटोत रवी 7 राशी 4 अंश लिहिलाय, म्हणजे सात राशी संपवून आठव्या, वृश्चिकेत, आणि आमच्याकडेही रवी वृश्चिकेत 4 अंशांवरच आहे. चंद्राची रास आणि नक्षत्रही दोन्हीकडे एकच. अयनांशात घोळ असता तर रवी जुळलाच नसता. फरक पडलाय तो फक्त लग्नात, आणि जे घड्याळाच्या काट्याबरोबर सर्वांत वेगाने धावतं ते लग्नच. म्हणजे शंका घ्यायची ती वेळेवर.

तुम्ही सकाळी 6 वाजून 20 मिनिटं ही जन्मवेळ भरलीत. पत्रिकेवर तीच आहे, बरोबर. पण तिच्या खालची ओळ बघा: 'सूर्योदयात् गत घटी 0 पळे 25'. 25 पळं म्हणजे 10 मिनिटं. आजोबांचा जन्म सूर्य उगवल्यावर 10 मिनिटांनी झाला, असं पत्रिका करणाऱ्याने स्वच्छ लिहून ठेवलंय. आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुंबईत सूर्य उगवतो तो आजच्या घड्याळाप्रमाणे 6.48-6.49 च्या सुमारास. मग 6.20 ला सूर्योदय होऊन 10 मिनिटं कशी झाली असतील?

कारण ते 6.20 मुंबई टाइमप्रमाणे आहेत. स्टँडर्ड टाइम, म्हणजे आजही देशभर चालतो तो, 1 जानेवारी 1906 पासून लागू झाला, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांनी तो घेतला, पण मुंबई शहराने आपला वेगळा टाइम पुढे कित्येक वर्षं सोडला नाही. ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, म्हणजे स्टँडर्डच्या 39 मिनिटं मागे. गिरगावातल्या एखाद्या घरातलं घड्याळ 1937 साली मुंबई टाइम दाखवत असेल, तर त्यात नवल काहीच नाही. 6.20 मध्ये 39 मिनिटं मिळवा: 6.59. सूर्योदयानंतर बरोबर 10 मिनिटं. पत्रिका करणारा माणूस किती काटेकोर होता ते यावरून दिसतं. त्याच्या गणितावर माझा पूर्ण विश्वास आहे.

त्या 39 मिनिटांत चंद्र जेमतेम एक तृतीयांश अंश पुढे जातो, म्हणून रास-नक्षत्र बदललं नाही. लग्न मात्र साडेआठ अंशांच्या आसपास सरकतं. स्टँडर्ड टाइम धरला तर ते तुळेच्या शेवटच्या अंशांत राहतं, मुंबई टाइम धरला तर वृश्चिकेच्या सहाव्या अंशाजवळ येतं. जन्मस्थळ मुंबई आणि साल 1955 च्या आधीचं असेल तर 'वेळ कोणती: स्टँडर्ड की मुंबई?' असं विचारणारी चौकट आमच्याकडे उघडते. तिथे 'मुंबई' निवडा, लग्न वृश्चिकच येईल.

आता 'नासाचा डेटा' याबद्दल. आम्ही स्विस एफेमेरिस ही संगणकीय ग्रहसारणी रीतसर परवाना घेऊन वापरतो. ती नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या डीई 431 या ग्रहगणितावर बेतलेली आहे आणि त्याच्याशी विकलेच्या (अंशाचा 3600 वा भाग) हजाराव्या भागापर्यंत जुळते. चंद्राच्या गणितामागे प्रत्यक्ष मोजमाप आहे: 1969 साली अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी तिथे आरसे ठेवले, आणि त्यांवर लेझर सोडून चंद्राचं अंतर आजही मोजलं जातं. हे काम मी मनापासून मानतो, त्याला कुणी जाहिरातबाजी म्हटलं की वाईट वाटतं. पण 1937 साली गिरगावातल्या भिंतीवर कोणतं घड्याळ होतं, हे जगातली कुठलीच ग्रहसारणी सांगू शकणार नाही.

म्हणूनच तुमची एक मागणी मान्य करता येत नाही. तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअरने जुन्या पत्रिकेशी आपोआप जुळवून घ्यावं. ते करणं आम्हाला अवघड नाही, पण मी ते करणार नाही. त्याच काळातल्या एखाद्या रेल्वे क्वार्टरमधल्या जन्माची वेळ स्टँडर्डही असू शकते. आम्ही परस्पर मुंबई टाइम धरला तर त्या घरातली पत्रिका बिघडेल, आणि कुणाला कळणारही नाही. आधी उत्तर ठरवून मग त्यात वेळ बसवायची, हे गणितच नव्हे.

तुमच्या फोटोत मागे आणखी दोन-तीन पत्रिकांची गुंडाळी दिसते. त्या आजोबांच्या भावंडांच्या असतील तर प्रत्येकीत आधी घटी-पळांची ओळ शोधा आणि सूर्योदयाशी ताडून बघा; कोणतं घड्याळ होतं ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. जन्म सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 मधला असेल तर युद्धामुळे स्टँडर्ड टाइमच एक तास पुढे केलेला होता. तो तास सॉफ्टवेअर स्वतः वजा करतं, तुम्ही करू नका. अक्षरं लागत नसतील तर गुंडाळी घेऊन दादरच्या ऑफिसमध्ये या, शनिवारी मी स्वतः असतो. त्याचे पैसे लागणार नाहीत.