१९७४ च्या रेल्वे संपाबद्दल फिरणारा खोटा संदेश

गेल्या आठवड्यात माझ्या मामांना त्यांच्याच नातवाने एक संदेश पाठवला. मामा १९७४ साली रेल्वेत फायरमन, म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे कामगार होते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: रेल्वेची युनियन समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी सरकार पाडण्यासाठी उभी केली, आठ तासांची ड्युटी कामगारांना आधीपासूनच होती, तरी फुकटच्या बोनससाठी त्यांनी वीस दिवस देश वेठीस धरला, संप फसला, हाती काही लागले नाही आणि देशावर आणीबाणी मात्र आली. मामांनी तो वाचून मोबाइल माझ्या हातात दिला आणि ‘पोराला हे कोणीतरी समजावून सांगा’ एवढेच म्हणाले. म्हणून हे लिहितो आहे.

युनियन फर्नांडिस यांनी उभी केलेली नाही. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन ही रेल्वे कामगारांची संघटना १९२० च्या दशकातली आहे. फर्नांडिस तिचे अध्यक्ष झाले १९७३ मध्ये. जयप्रकाश नारायण यांनी त्यांच्या कितीतरी आधी हे पद सांभाळले होते आणि संघटनेच्या स्थापनेपासून तिच्यात वावरलेले व्ही. व्ही. गिरी संपाच्या वेळी देशाचे राष्ट्रपती होते.

संतापजनक आहे ते आठ तासांबद्दलचे विधान, कारण ज्यांनी इंजिनाच्या भट्टीपुढे उभे राहून रात्री काढल्या त्यांनाच ते आळशी ठरवते. इंजिनावरच्या रनिंग स्टाफने, म्हणजे चालक आणि फायरमन यांनी, १९७३ मध्ये काम बंद पाडले आणि ऑगस्टमध्ये सरकारने त्यांची ड्युटी दहा तासांवर आणण्याचे मान्य केले. आठ तास आधीच मिळत असते, तर दहा तासांचे आश्वासन मिळवण्यासाठी कोणी पगार आणि नोकरी पणाला लावली असती का? कामाच्या तासांचा हिशेब प्रत्यक्षात कसा होता, हे पाहण्यासाठी संपानंतर पंधरा वर्षांनी झालेला १९८९ चा रेल्वे कायदा उघडावा. त्याच्या १३२ व्या कलमात ‘कंटिन्युअस’ (सलग कामाच्या) गटातल्या कर्मचाऱ्यासाठी दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, तर ‘इसेन्शियली इंटरमिटंट’ (थांबून थांबून कामाच्या) गटातल्या कर्मचाऱ्यासाठी ७५ तासांपर्यंत मर्यादा दिली आहे. या दुसऱ्या गटामागचे गृहीतक असे की ड्युटीचा निम्मा किंवा अधिक वेळ माणसाला हातपाय हलवावे लागत नाहीत आणि सतत लक्षही ठेवावे लागत नाही. पण त्या वेळेत तो घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, आणि गाडी आली की त्याच्या एका चुकीने माणसे मरू शकतात. सहा दिवसांवर वाटले तरी ७५ तासांचे दिवसाला साडेबारा तास होतात. आठ तास रेल्वेत सर्वांना सरसकट होते, असे म्हणणारा माणूस हा साधा भागाकारही करत नाही.

‘फुकटचा बोनस’ म्हणणाऱ्यांनी १९६५ चा बोनस कायदा वाचावा. केंद्राच्या खात्यांमार्फत चालणारे उद्योग त्यातून वगळले होते, त्यामुळे रेल्वेच्या कारखान्यातल्या फिटरला तो कायदा लागू होत नव्हता. बोनस ही मागण्यांपैकी एक होती. महागाई भत्ता आणि सार्वजनिक उद्योगांच्या बरोबरीचे वेतन याही होत्या.

संप फसला, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ८ मे रोजी सुरू झालेला संप २७ मे रोजी एकही मागणी पदरात न पडता मागे घ्यावा लागला, लोकांचे हाल झाले, आणि फर्नांडिस यांच्या भाषणांत सरकार उलथवण्याची भाषा होती हेही खरे आहे. मात्र बोलणी चालू असताना २ मे रोजीच त्यांना अटक झाली आणि भारत संरक्षण नियम व मिसा या खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली हजारो कामगार तुरुंगात गेले, हा भाग संदेश गाळतो. आणीबाणी संपानंतर तेरा महिन्यांनी आली, ती इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या १२ जून १९७५ च्या निकालापाठोपाठ. तिचे खापर फायरमनच्या माथी फोडता येणार नाही.

‘हाती काही लागले नाही’ हेही १९७४ पुरतेच खरे. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी संपात बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेतले, आणि १९७९ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस लागू झाला. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास जाहीर होतो तो हाच. संदेश पाठवणाऱ्या नातवाचे वडील आज रेल्वेत आहेत आणि तो त्यांच्याही खात्यात जमा होतो.