टपालाच्या थैलीला कुलूपबंद खोली, खलाशाला छत्तीस घनफूट

गेल्या महिन्यात गावी गेले होते. आमच्या वाडीला लागून मोहल्ला आहे, तिथल्या चाचांनी पोटमाळ्यावरून पत्र्याची एक नळी काढून आणली. वीत-दीड वीत लांब, एका टोकाला झाकण, वर गंज. "बाय, तू जुने टपालाचे कागद जमवतेस ना? ही माझ्या आजाची नली."

कोकणात ज्यांच्या घरातला माणूस बोटीवर गेलाय, त्यांना नली म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बोटीवरून उतरताना खलाशाला मिळणारे दाखले ज्या नळीत ठेवायचे ती नली. पुढे दाखल्यांनाच नली म्हणू लागले. चाचांनी आतला कागद बाहेर काढला, पण शंभर वर्षं गुंडाळून राहिलेला तो कागद सोडला की आपोआप पुन्हा गुंडाळायचा. शेवटी चाचींनी दोन वाट्या आणून दोन्ही टोकांवर ठेवल्या. आत बोटीचं नाव, हुद्दा, भरतीची तारीख, उतरल्याची तारीख. वर्तणुकीच्या रकान्यात 'व्हेरी गुड' असा शिक्का. सहीच्या जागी अंगठा. विलायती टपाल नेणाऱ्या बोटीवर हा माणूस आगवाला होता, म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा.

मी गेली बारा वर्षं आगबोटींनी आलेली-गेलेली जुनी पाकिटं जमवते. सुएझचा शिक्का, इटलीतल्या ब्रिंडिसी बंदराचा शिक्का, एडनचा शिक्का, सगळं भिंगाखाली घालून बघते. टपाल नेण्यासाठी सरकारने बोटकंपन्यांशी केलेल्या ज्या कंत्राटांखाली ही पाकिटं वाहिली गेली, त्या कंत्राटांबद्दल मात्र आम्ही संग्राहक जवळजवळ कधीच बोलत नाही. बोललो तर वार्षिक रकमेबद्दल. बाकी कलमं कोणी उघडत नाही. ती उघडायला हवीत, आणि त्यात आपलं कोकण शोधायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून आज हे लांबलचक लिहितेय.

सुरुवात आपल्या मुंबईतूनच करते. २० मार्च १८३० ला 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. बोट मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेली. कोळसा इतका भरला होता की माणसांच्या केबिनीसुद्धा त्यानेच भरल्या. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली, आणि त्यातले कितीतरी दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यातच गेले. खर्च बघून लंडनमधले ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर नाराज झाले. पण वाफेवर टपाल जाऊ शकतं हे दिसलं होतं. १८३९ साली इंग्रजांनी तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचं एडन घेतलं, त्यात कोळशाचा साठा ठेवायला हक्काची जागा हवी हा मोठा हेतू होता. कागदाच्या थैल्या वेळेवर पोचाव्यात म्हणून एक अख्खं बंदर घेतलं गेलं!

त्याच सुमाराला विलायतेत टपालाच्या कंत्राटांची पद्धत बसली. १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या टपालासाठी एका आगबोट कंपनीला वर्षाला २९,६०० पौंड ठरले. हीच कंपनी पुढे पी. अँड ओ. (पेनिन्सुलर अँड ओरिएंटल) झाली. १८४०च्या दशकात सुएझ ते सिलोन, मद्रास, कलकत्ता आणि पुढे हाँगकाँगपर्यंतच्या टपालासाठी तिला वर्षाला १,६०,००० पौंड मिळू लागले. मुंबई-सुएझची वाट मात्र ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या नौदलाकडे धरून ठेवली, ती १८५४ पर्यंत.

पैसे द्यायचे ते काही फुकट नव्हेत. बोट अमुक दिवशी, अमुक वाजता सुटलीच पाहिजे. उशीर झाला तर दंड. सरकारचा माणूस बोट तपासणार. युद्ध पेटलं तर सरकार बोट ताब्यात घेऊ शकणार. आणि टपालासाठी सुरक्षित, कुलूप लागेल अशी जागा द्यायची. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचंय.

पी. अँड ओ.च्या १८६७च्या कंत्राटाने मुंबईचं नशीब पालटलं असं मी म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. त्या कंत्राटाने मुंबईला दर आठवड्याची टपालबोट ठरली, वर्षाला ४,००,००० पौंडांवर, बारा वर्षांसाठी. वर आणखी एक गंमतीची अट: कंपनीचा लाभांश आठ टक्क्यांच्या खाली गेला तर सरकार रक्कम वाढवून देणार, पाच लाखांपर्यंत. १८७० मध्ये जबलपूरजवळ लोहमार्ग जुळून मुंबई-कलकत्ता गाडी सुरू झाली आणि सगळ्या हिंदुस्थानचं विलायती टपाल मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागलं. आपण आजही 'कलकत्ता मेल', 'पंजाब मेल' म्हणतो, त्यातला 'मेल' हाच, टपालाच्या थैल्यांचा. बोटीतच टपाल निवडायला कारकून असत, म्हणजे मुंबईला लागताच थैल्या थेट गाडीत.

कंत्राटातला एकेक शब्द किती जड असतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही: १८६९च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला. पण कंत्राट त्याआधीचं. त्यात लिहिलेलं की टपाल अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेने सुएझला न्यायचं. टपालखातं त्या शब्दाला चिकटून बसलं. मग बोट कालव्यातून जायची आणि टपाल मात्र एका टोकाला उतरून, आगगाडीने वाळवंट ओलांडून, दुसऱ्या टोकाला पुन्हा बोटीत चढायचं! १८७४ साली कंपनीने वर्षाला २०,००० पौंड कमी घ्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे जड टपाल कालव्यातून जाऊ लागलं. पत्रांच्या थैल्यांना तर १८८८ पर्यंत थांबावं लागलं.

आता आगवाल्याकडे येऊ.

या बोटी चालवायचं कोण? डेकवर रत्नागिरी, गुजरातकडचे खलाशी. त्यांच्यावर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. खाली भट्टीत आगवाले आणि कोळसा ओढणारे. जेवणखाण, केबिनी सांभाळायला गोव्याचे लोक. त्यांची गावागावांची कूडं, म्हणजे राहायच्या खोल्या, मुंबईत धोबीतलावला होती, बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक तुकडा पगार. आणि झोपायला जागा किती, तर हिंदुस्थानी कायद्याने माणशी ३६ घनफूट. १८९४च्या विलायती कायद्यात खलाशाला याच्या दुप्पट, ७२ होती.

३६ घनफूट म्हणजे किती ते मी घरी टेप घेऊन जमिनीवर आखून बघितलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. आमच्या दिवाणाखालची जागा साधारण एवढीच आहे. मी तिथे आडवी झाले. कुशीवर वळता येतं, उठून बसता येत नाही. अर्थात बोटीवर जागा अशी पेटीसारखी कापून देत नसत, सगळे एकाच दालनात असत. पण कायद्याचा हिशेब एवढाच होता. तांबड्या समुद्रात, जून-जुलैत, भट्टीपुढची पाळी संपवून माणूस एवढ्या जागेत पडायचा. त्याच बोटीवर टपालाच्या थैल्यांना कुलूपबंद जागा कराराने बांधलेली होती.

आणि मग १९०१. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन एक राष्ट्र झालं आणि पहिल्याच वर्षात त्यांनी टपाल आणि तार कायदा केला. त्याचं सोळावं कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. टपाल वाहण्याचा कोणताही करार सरकार करणार नाही, जोपर्यंत त्यात अशी अट नसेल की या कामावर फक्त गोरेच मजूर असतील. टपालाच्या कायद्यात! पुढचं उपकलम त्याहून जास्त बोचतं: ऑस्ट्रेलियाच्या हद्दीबाहेर कोळसा भरताना, माल चढवताना ही अट लागू नाही. म्हणजे एडनला, कोलंबोला काळ्या हातांनी कोळसा भरला तर चालेल. त्या हातांनी तो भट्टीत टाकलेला चालणार नाही.

ओरिएंट नावाच्या दुसऱ्या बोटकंपनीने ती अट मानून ऑस्ट्रेलियाचं कंत्राट घेतलं. लंडनच्या सरकारने मात्र आपल्या कंत्राटात ही अट घालायला नकार दिला. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांचं म्हणणं असं की बादशहाच्याच हिंदी प्रजेला असं वगळणाऱ्या करारात आम्ही सामील होणार नाही. पी. अँड ओ. विलायतेच्या कंत्राटावर आपले हिंदी खलाशी घेऊन ऑस्ट्रेलियाला जात राहिली. हे वाचून काही जणांना इंग्रजांचं कौतुक वाटतं. मला तितकंसं वाटत नाही. तत्त्वाची भाषा खरी असेलही, पण ३६ घनफुटांत मावणारा आणि थोडक्या पगारात राबणारा माणूस कंपनीला सोडायचा नव्हता, हेही तितकंच खरं. एकीकडे रंगामुळे नको, दुसरीकडे स्वस्त म्हणून हवा. या दोहोंच्या मधे आमच्या मोहल्ल्यातला माणूस फावडं मारत होता.

"त्या काळी सगळीकडे असंच होतं" हे उत्तर मला प्रदर्शनांत खूपदा मिळालंय. पण त्याच काळी त्याच बोटीवर दुसऱ्या कातडीच्या माणसाला दुप्पट जागा मिळत होती, तेव्हा हे उत्तर मला पटत नाही. आणि या सगळ्याच्या खर्चातला वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतूनही जात होता. म्हणजे शेतसारा भरणाऱ्या आपल्याच शेतकऱ्याच्या पैशातून.

माझ्या संग्रहात १९०८ सालचं एक पाकीट आहे, पुण्याहून लंडनला गेलेलं. एक आण्याचं तिकीट. १८९८च्या नाताळापासून साम्राज्यभर स्वस्त टपाल सुरू झालं, त्याचा हा दर. हे पाकीट मी कितीतरी वेळा प्रदर्शनात मांडलंय. खाली चिठ्ठीत बोट, मार्ग, दर, सगळं लिहिते. ते कोणाच्या घामावर गेलं, हे एकदाही लिहिलं नाही. पुढच्या प्रदर्शनात त्याच्याशेजारी नली ठेवायची आहे. चाचांना विचारलं. ते म्हणाले, "ने की. पण परत आण. पोराला दाखवायचीय, तोही बोटीवर जातोय."

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, रत्नागिरीत, देवगडला, दमणला, गोव्यात, माळ्यावर अशी नळी पडली असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका. मला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. फक्त कागद उलगडून एक फोटो काढा. टोकांवर वाट्या ठेवा, नाहीतर तो पुन्हा गुंडाळतो.