पितृपक्षातला टायर

माझी गाडी मधल्या मॉडेलची आहे. टॉपची नाही. ही गोष्ट मला ठाऊक होती, बायकोला ठाऊक होती आणि कर्ज देणाऱ्या बँकेला ठाऊक होती. मागच्या शनिवारपासून ती वर्तकनगरातल्या एका टायरवाल्याला, त्याच्या दोन पोऱ्यांना, ट्यूब हातात धरून बसलेल्या एका रिक्षावाल्याला, समोरच्या रसवंतीवाल्याला आणि एका काकांना ठाऊक झाली आहे. काकांना ठाऊक झाली म्हणजे ठाण्याला ठाऊक झाली, असं धरून चालायला हरकत नाही.

ऑगस्टात कापूरबावडीच्या पुढे, पाण्याने काठोकाठ भरलेल्या एका खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं. खड्डा किती खोल आहे हे ठाण्यात खड्ड्यात गेल्यावरच कळतं. चार दिवसांनी त्या टायरच्या गालावर फुगा दिसला, लहान मुलाला गालगुंड व्हावं तसा. आतले धागे तुटले की हवा तिथून बाहेर ढुशी मारते. गालगुंड आठवड्याभरात उतरतं, टायरचं उतरत नाही. बाकीचे तिघंही म्हातारेच झाले होते. खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे बांध असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. माझे चारही तिथवर पोचले होते. गाडी घेताना पंधरा वर्षांचा रस्ता कर एकरकमी भरलेला आहे. पंधरा वर्षांचा रस्ता मात्र एकरकमी मिळत नाही, तुकड्यातुकड्याने मिळतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये हे असं असतं. असो. खड्ड्यांवर बोलायला लागलो की बायको उठून आत जाते.

तर टायर ऑनलाइन मागवायचे ठरवले. दुकानात घासाघीस करावी लागते आणि ती कला आमच्या घराण्यात वडिलांपाशी संपली. साइटने गाडी विचारली. मी स्विफ्ट सांगितली. मॉडेल कोणतं, असं विचारण्याऐवजी तिने आपणहून 'झेडएक्सआय' लिहून ठेवलं होतं. आता खरं सांगतो. मला ते दिसलं होतं. दिसलं आणि बरं वाटलं. आयुष्यात कुणी पहिल्यांदाच मला न विचारता टॉप मॉडेलमध्ये बसवत होतं, आणि तिथे 'नाही हो, मी आपला व्हीएक्सआयवाला' असं कबूल करायला बोट धजेना. टायरचा आकार टायरवरच लिहिलेला असतो आणि गाडी चार मजले खाली पार्किंगमध्ये उभी होती. पण मग ऑनलाइनचा उपयोग काय? कूपन लावून एक टायर 5,149 रुपयांना पडला. जरा महाग वाटला, पण हल्ली काय महाग वाटत नाही?

टायर आले त्या दिवशी वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "साब, आपका गाडी का पार्ट आया है, बहुत जगह खा रहा है." लिफ्टमधून दोन खेपा झाल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी "दुकान काढताय का?" असं विचारलं. दोन्ही खेपांना विचारलं. घरात आईने चौघांना ओळीने उभं केलं, हळदकुंकू वाहिलं, वर एकेक फूल ठेवलं. नवीन वस्तू घरात आली की आई तिला हळदकुंकू वाहतेच. आमच्या इन्व्हर्टरवर अजून बोट उमटलेलं आहे. हे हळदकुंकू लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

शनिवारी साडेअकराला मी चौघांना घेऊन दुकानात पोचलो. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर, त्यांना बेल्ट लावून. मालकाने टायरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हॉटेलात घरचा डबा उघडला की वेटर जसा पाहतो, तसं. "बाहर का माल है. फिटिंग का अलग लगेगा, बॅलन्सिंग का अलग." मी हो म्हटलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. शेजारच्या खुर्चीवर काका होते.

काका स्कूटरमध्ये हवा भरायला आले होते. हवा माझ्या आधीच भरून झाली होती, हे मला नंतर कळलं. ठाण्यात नोव्हेंबरात साडेअकराला घाम फुटतो, तरी अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मांडीवर दुमडलेला पेपर, शब्दकोडं अर्धं सुटलेलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त. खातं क्वालिटी कंट्रोल. म्हणजे या माणसाने तीस वर्षं 'रिजेक्ट' म्हणायचा पगार घेतला होता आणि आता तेच काम तो विनामूल्य करत होता.

"ऑनलाइन?" काकांनी विचारलं.

"हो."

"किती पडले?"

या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. मी 5,149 चे साडेचार हजार करून सांगितले.

"फसलात."

मनात आलं, खरा आकडा सांगितला असता तर यांनी रुग्णवाहिकाच बोलावली असती.

"अहो, सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. पेपर वाचत नाही का तुम्ही?" असं म्हणून काका उठले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पहिल्या टायरसमोर उकिडवे बसले. हळदकुंकू दिसलं तेव्हा क्षणभर थांबले. "पूजा केलीत. उत्तम. नाहीतर हल्लीची मुलं."

मी 47 वर्षांचा आहे. पण ते एक वाक्य मला दिवसभर पुरलं असतं, जर दिवस तिथेच संपला असता तर.

मग काकांनी टायर मोठ्याने वाचायला घेतला. सत्यनारायणाची पोथी वाचावी तसा, बोट फिरवत. "185. ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे उंची रुंदीच्या 65 टक्के. आर, रेडियल. 15, रिमचे इंच. 88, म्हणजे हा एकटा 560 किलो उचलतो. तुमचं वजन किती? बरं, जाऊ दे. एच, म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत हरकत नाही. राहता कुठे?"

"वाघबीळ."

"म्हणजे घोडबंदर रोड. 210." रिक्षावाला हसला. अगदी मनापासून हसला. सकाळी मला वाघबीळहून माजिवड्यापर्यंतच पाऊण तास लागला होता, त्यामुळे हसण्यात मीही सामील झालो. न होऊन सांगतो कुणाला?

यापुढे जे झालं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायरची जन्मतारीखच ती. काकांनी ती शोधून काढली. "4624. म्हणजे 2024 चा 46 वा आठवडा. वर्षभर गोदामात लोळलाय हा." मग पेपरच्या कडेला पेनाने आकडेमोड. "नोव्हेंबरचा मध्य. गेल्या साली तुळशीचं लग्न होतं त्या आठवड्यात. बरं आहे. हा चालेल." दुसरा, 4624. चालेल. तिसरा, 4624. चालेल. चौथ्यापाशी काका बराच वेळ बसून राहिले. रसवंतीवालाही आता यंत्र बंद करून आला होता.

"3924."

सगळे गप्प.

"तेरा आठवड्यांचा एक तिमाही. तेरा त्रिक एकोणचाळीस. सप्टेंबरअखेर. गेल्या साली गणपती 7 तारखेला आले, 17 ला अनंत चतुर्दशी झाली." काकांनी चष्मा काढला. निकाल सांगताना डॉक्टर काढतात तसा. "हा टायर पितृपक्षातला आहे हो."

मी म्हटलं, कारखान्यात काय पितृपक्ष पाळतात? काका म्हणाले, ते पाळत नाहीत म्हणून आपण पाळायचा. रिक्षावाला उत्तर प्रदेशातला होता, पण पितृपक्ष त्यालाही लगेच कळला आणि त्याने मान अशी हलवली, जणू टायर मी नव्हे, माझ्या पूर्वजांनी मागवला आहे. वाद असा रंगला की चौथा टायर पुढे लावावा की मागे. काकांचं म्हणणं, स्टेपनीला टाका, तिथे दोष लागत नाही.

(स्टेपनी हा शब्द कुठून आला माहीत आहे? वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. 1904 मध्ये त्यांनी मोटारीसाठी जादा चाक काढलं आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. तिकडे तो शब्द कधीच विसरले. आपण ते चाकही बाळगतो, शब्दही बाळगतो आणि घरात-ऑफिसात नुसत्याच राखून ठेवलेल्या माणसालाही तो लावतो. त्या दुकानात त्या घटकेला मी कोण होतो, हे वेगळं सांगत नाही.)

एवढ्यात पोऱ्याने जुना टायर रिमवरून उतरवला, नवा उचलला, रिमवर टेकवला आणि तसाच खाली ठेवला. त्याने काहीही वाचलं नव्हतं.

"साहेब, नहीं चढेगा. आपका रिम चौदा का है. ये पंधरा है. टॉप मॉडेल का."

मालकाने विचारलं, "आपका टॉप मॉडेल नहीं है?"

मी नाही म्हटलं. जरा हळू म्हटलं, म्हणून त्याने पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा, मोठ्याने, नाही म्हणावं लागलं. रसवंतीवाल्याने वाकून गाडीच्या मागचं अक्षर वाचलं आणि खात्री करून घेतली.

"मी मघाशीच म्हणणार होतो," काका म्हणाले.

मघाशी! तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल! या माणसाने 15 हा आकडा माझ्यादेखत, बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला होता. त्याच्या समोर 14 चा रिम पडलेला होता. त्याला त्यातून तुळशीचं लग्न दिसलं, रिम दिसला नाही. हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "हो ना."

काकांनी पुन्हा पेपर उचलला. माझा जुना टायर 165, त्याचे 80 टक्के 132, दुप्पट 264, त्यात 14 इंच मिळवा. एकूण उंची 619.6 मिलिमीटर. नव्याची 621.5. "बघा, दोन मिलिमीटरचाही फरक नाही! बाहेरून ओळखूच येत नाही. फरक सगळा भोकात. तुमची यात काही चूक नाही." मला खरंच भरून आलं. मग ते म्हणाले, "अर्थात, नंबर वाचता येणाऱ्या माणसाला येतं ओळखू."

फुग्याचा टायर पुन्हा चढवून घरी जायला कुणी तयार होईना, म्हणजे मालक तयार होईना. त्याच्याकडे 14 इंची होते. दर भिंतीवर लिहिलेला नव्हता, माझ्या चेहऱ्यावर होता. एकाचे 4,300, चारांचे 17,200. काकांनी ते चारही वाचून पाहिले. 3425. "यंदा गणपती 27 ऑगस्टला आले, त्याच्या आधीची अमावास्या. बैलपोळा! वाहनाला याहून चांगला आठवडा नाही." मालकाला बैलपोळा माहीत नव्हता, पण आपल्या मालाचं काहीतरी भलं झालंय हे कळलं आणि त्याने काकांना चहा सांगितला. मला नाही सांगितला.

परत पाठवण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण सांगताना अजून डोकं फिरतं. ॲपने कारण विचारलं: 'रंग आवडला नाही', 'फोटोपेक्षा वेगळं दिसतं', 'साइझ बसत नाही'. तिसरं निवडलं. मग ॲप म्हणालं, वस्तू मूळ बॉक्समध्ये ठेवा. टायरला बॉक्स नव्हता. चार टायर दोऱ्याने बांधून आले होते. मी तसं लिहिलं. उत्तर आलं, 'कृपया मूळ बॉक्सचा फोटो पाठवा.' मी चार वेळा लिहिलं की बॉक्स नव्हता, चारही वेळा 'तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो' असं उत्तर आलं, आणि ते समजणारं कुणी माणूस होतं की यंत्र, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढे पैसे घेताना बॉक्सचं नाव कुणी काढलं नव्हतं.

मंगळवारी न्यायला मुलगा आला. बाइकवर. चार टायर पाहून त्याने आधी कपाळाला हात लावला, मग फोन काढून फोटो काढले. "सर, यावर काहीतरी लागलंय."

"हळदकुंकू आहे. आईने वाहिलंय."

"पुसून ठेवा ना."

मी पुसलं. खाचांमधलं कुंकू पुसल्यावर जास्त पसरलं. आई म्हणाली, "असं पुसू नये रे." रात्री ॲपवर निकाल आला: वापरलेली वस्तू, परत घेता येणार नाही. जी वस्तू रिमवर चढूच शकली नाही ती मी वापरली कशी, हे विचारायला मी लिहायला बसलो, तर तक्रार बंद झाली होती आणि 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' असं खाली विचारलं होतं.

20,596 रुपयांचे चार टायर आता गॅलरीत एकावर एक ठेवले आहेत. वर आईने तुळस ठेवली आहे. तिला उंची बरी मिळाली म्हणते.

काल रविवारी सकाळी उपवनला तळ्याकाठी चालत होतो. समोरून बिनबाह्यांच्या स्वेटरांची एक रांगच आली. पुढे काका. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि आख्खी रांग थांबली.

"हेच ते," काका म्हणाले. "पंधरा इंची."

सगळ्यांनी ओळखीचं हसून मान डोलावली. म्हणजे आधीच सांगून झालं होतं. त्यातले एक गृहस्थ कानटोपी वर सरकवून पुढे झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार आपुलकीने विचारलं,

"किती पडले?"