‘सर पाऊण तास जिन्यात चहा पीत होते’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचा रविवार वाया गेला, त्याबद्दल माफी मागतो. एक स्टार दिलात, तोही मान्य. पण ‘लिनक्सचा वर्ग सोडून सर पाऊण तास जिन्यात चहा पीत होते, अडीच हजार पाण्यात’ हे वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. क्लास लहान आहे, लोक रिव्ह्यू बघूनच येतात. म्हणून काय झालं ते लिहितो.

एसएसएचने, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर (सर्व्हरवर) सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिन करताना पासवर्ड टाईप केलेला दिसत नाही, ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. हे मी दोनदा सांगितलं होतं. तुम्हाला कीबोर्डच बिघडलाय असं वाटलं आणि तुम्ही एंटर दाबत राहिलात. आमच्या सर्व्हरवर फेल-टू-बॅन हा चुकीची लॉगिन मोजणारा पहारेकरी प्रोग्राम लावलेला आहे, पाचदा चुकलं की ज्या इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) चुकलं तो पत्ता बंद. आणि सर्व्हरला चौदा विद्यार्थी दिसत नाहीत हो, क्लासच्या वायफायचा एकच पत्ता दिसतो. सगळे बाहेर! माझीसुद्धा विंडो गोठली. सर्व्हर पडला समजून पहिली दहा मिनिटं मी केबलच हलवत बसलो, तो माझा गाढवपणा. मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून आत शिरायचं म्हटलं तर तळघरात रेंज नाही. म्हणून जिना. मांडीवर लॅपटॉप घेऊन बंदी उठवत होतो. चहा होता, नाही म्हणत नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी हातात दिला, तोही अर्धाच प्यायलो. सगळं धरून पंचवीस मिनिटं. वर्ग ११ वाजून १० मिनिटांनी अडकला, ‘चालू झालं’ हा माझा ग्रुपवरचा मेसेज ११:३५ चा आहे. पाऊण तास कुठून आला?

‘फाइल सर्व्हरवर गेलीच नाही’ हे मात्र बरोबर. एससीपीच्या, म्हणजे एसएसएचवरून फाइल पाठवायच्या कमांडच्या, ओळीत सर्व्हरच्या नावापुढचा कोलन (:) राहिला होता. कोलन नसला की एससीपी सर्व्हरच्या नावाची फाइल तुमच्याच लॅपटॉपवर बनवतं आणि गप्प बसतं, एरर नाही की काही नाही. हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

राहिलं ‘साधं एफटीपी का नाही शिकवत’. एफटीपी ही फाइल पाठवायची जुनी पद्धत, त्यात पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जातो. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी ती सवय मी लावणार नाही, मग स्टार कितीही कमी पडोत.

पुढच्या बॅचपासून क्लासचा पत्ता बंदीतून वगळतोय, पासवर्ड टाईप करताना दिसत नाही हे फळ्यावरही लिहीन, बाकीचंही बघतो. तुम्ही येत्या रविवारी दहाला या, फी नको. तेवढी ती सर्व्हरच्या नावाची फाइल पुसू नका, तिच्यापासूनच सुरुवात करू.