चार विसा नि सतरा

मे महिन्यात वेळणेश्वरला आले ती आंबे खायला, पण फ्रान्समधल्या ल्योंचा फ्रेंचचा क्लास मोबाइलमधून मागोमाग आलाच. २०२६पासून तिथल्या दहा वर्षांच्या रहिवासी कार्डाला फ्रेंचची ए२ऐवजी तिच्या वरची बी१ पातळी लागते, त्यामुळे दांडी मारायची सोय नाही. आम्ही पाच जण: पोलिश नर्स, सीरियन बेकरीवाला, ब्राझीलच्या दोघी बहिणी नि मी. पाच जणांत मागचा बाक नसतो, हे चाळिशीत कळलं.

तिकडचे सकाळचे दहा म्हणजे इकडे दुपारचे दीड. रेंज येते ती फक्त पडवीच्या टोकाला, जिथे बाबा पेट्या भरतात नि आजी नारळ मोजते. पहिल्या दिवशी मी घशातला 'र' काढला, तर बाबा हातातला पेंढा टाकून गरम पाणी घेऊन धावले.

नाकातल्या उच्चारांत मात्र मी वर्गात पहिली. आजी अजून चित्पावनी बोलते. त्या बोलीत नाकाला विचारल्याशिवाय शब्द बाहेर पडत नाही. लिंगंही मराठीत तीन, तिकडे दोनच, म्हणजे हायसं वाटायला हवं. पण आंबा तिकडे स्त्रीलिंगी! बाबांना सांगितलं. "हापूससुद्धा?" एवढंच म्हणाले, आणि दिवसभर क्लासची चौकशी केली नाही.

खरा छळ आकड्यांचा. सत्तरला फ्रान्समध्ये स्वतंत्र शब्दच नाही, 'साठ-दहा' म्हणायचं. ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्वद 'चार-वीस-दहा'. त्यात फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. ल्योंत प्लंबर नंबर सांगत होता. 'सोआसांत' ऐकून मी ६० लिहिले, तोवर मागून 'दिझ्विट', म्हणजे अठरा, आलं. ६० खोडून ७८ करेपर्यंत गडी पुढच्या दोन जोड्या सांगून मोकळा. नळ आठवडाभर गळला. शेजारच्या बेल्जियममध्ये नव्वदला 'नोनांत' असा सुटसुटीत शब्द आहे. नवऱ्याला तिकडे नोकरी बघायला किती वेळा सांगितलं! (आपलं 'एकोणऐंशी' त्या पोलिश नर्सला समजावताना मात्र मी जरा ओशाळले.)

तर परवा बाईंनी नेमकं मलाच विचारलं, "सत्त्याण्णव?" मी गप्प. पडद्यावर चार चेहरे दयेने बघतायत. मराठीत पुटपुटले, "सत्त्याण्णव, सत्त्याण्णव..." मागून नारळाचा ठक्क आवाज नि आजी, "चार विसा नि सतरा. एवढंही येत नाही गो?"

कात्र-व्हँ-दिसेत! शब्दाला शब्द. मी ओरडलेच. बाई खूश. तो मागचा आवाज कोणाचा, त्यांचं नाकातलं छान आहे, म्हणाल्या. मी आजीला सांगितलं.

"फी किती घेते ती?"

मी युरोचे रुपये करून सांगितले. आजीने हातातले दोन्ही नारळ खाली ठेवले, माझ्याकडे बघितलं, मग ढिगाकडे बघितलं.

"मोज चुकली बघ तुझ्यापायी," म्हणाली, नि पहिल्यापासून सुरू झाली.