बक्षिसासाठी कोण एवढं बसतं?

तुमच्या लेखात म्हटलंय की पोरं बुद्धिबळ स्पर्धेला येतात ती रोख बक्षिसासाठी आणि दहावीच्या क्रीडा गुणांसाठी. असतील काही, आमच्या सोलापुरातही आहेत. पण बक्षीस आपलं नाही हे बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच कळतं, तरी शेवटपर्यंत कुणी हलत नाही. कारण स्विस लीग! हरलं तरी बाहेर काढत नाहीत, पुढच्या फेरीत साधारण तुमच्याइतकेच गुण असलेला समोर येतो. शेवटच्या पटावरही चुरस. मे महिन्याचं आमचं ऊन, बाहेर आईबाप भाकरी-शेंगाचटणीचा डबा धरून ताटकळलेले, आणि पोरगं डोळे पुसत हॉलबाहेर येतं. पाचच मिनिटांत ज्यानं हरवलं त्याच्याशीच तो डाव परत मांडून 'इथं घोडा घेतला असता तर?' सुरू!

रेटिंगचं, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याचं, वेड मात्र खरं. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, २०२४ मध्ये यादीत राहायला लागणारं किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं, तरी काही पालक खेळापेक्षा आकडाच बघतात. मला हे पटत नाही.

बघणाऱ्यांचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला दिव्या देशमुख-कोनेरू हंपी महिला विश्वचषकाची फायनल टायब्रेकला, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जलद डावांना, गेली, तेव्हा आमच्या ग्रुपवर चालीगणिक भांडणं. दिव्या नागपूरची म्हणून ओढ होतीच, पण हंपीवाले काय कमी होते का? कोण वरचढ हे दाखवणारी संगणकाची, म्हणजे इंजिनची, पट्टी झाकून चाल ओळखायची, मजा त्यात आहे. पट्टी उघडी असली की सगळेच ग्रँडमास्टर!

पुढच्या लेखात पंचांवरही लिहा.