विमा बांधकाम खर्चावर काढा, बाजारभावावर नको

लेखात फ्लॅटचा विमा बाजारभावाइतका काढायला सांगितलंय, ते पटत नाही. बाजारभावात जागेची किंमतही असते, आणि जमीन जळत नाही. कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकाम दर, एवढीच रक्कम धरा. ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्याच्या प्रमाणित पॉलिसीत घराचा विमा काढला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. सामान जास्त असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. दागिने मूल्यांकन करून वेगळे जोडावे लागतात. घरफोडीचंही कव्हर वेगळं घ्या, बरेच जण इथेच फसतात. सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय का, तेही विचारा. त्यात तुमचं सामान नसतं. आणि कोल्हापुरातल्या शाहूपुरी, नागाळा पार्ककडच्यांनो, २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा: पार्किंगमधली गाडी घराच्या पॉलिसीत येत नाही. तिला फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा थर्ड पार्टी विमा पुरत नाही, स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरणारा कॉम्प्रिहेन्सिव्हच हवा.